प्रज्वलचे क्लॅस्प आणि आमचं डिपार्टमेंट

किस्से जमवायला लोकांना पारावर बसावं लागतं, चहाच्या टपरीवर उभं राहावं लागतं. आमचं तसं नाही. आमच्याकडे माणूस येतो, खुर्चीत बसतो आणि आम्हीच त्याला म्हणतो, "तोंड उघडा!" एकदा उघडलं की दात कमी आणि गोष्टी जास्त. मी नागपूरच्या एका डेंटल कॉलेजात नकली दात बसवायच्या विभागात शिकवते. दिवसभराचे किस्से घेऊन प्रताप नगरला घरी पोचते, ताटावर बसून नवऱ्याला सांगायला लागते, तर तो हात जोडतो, "बाई, जेवताना दुसऱ्यांच्या कवळ्या नको!" म्हणून ते साचत जातात. तुम्ही आत्ता जेवत नाही आहात ना? मग ऐका.

पण आधी एक वस्तू ओळखून घ्या, नाहीतर मजा नाही. सगळे दात गेले तर पूर्ण कवळी. दोन-चारच गेले तर काढता-घालता येणारी छोटी प्लेट. ती प्लेट तोंडात टिकायची कशी? तर तिला बारीक तारेचे आकडे असतात, ते शेजारच्या शाबूत दातांना धरून बसतात. त्या आकड्याला आम्ही क्लॅस्प म्हणतो. त्याचे प्रकार बक्कळ. दाताला बाजूनं कवेत घेणारा, पूर्ण वेढा घालणारा, हिरडीकडून खालून हळूच येणारा. पेशंट लोक सगळ्यांना एकच नाव देतात, "तार".

*

आमचे हेड बक्षी सर. क्लॅस्प शिकवावा तर त्यांनीच. दरवर्षी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"पोट्टेहो, क्लॅस्प हा चांगल्या जावयासारखा असावा. बसल्या जागी शांत. दाताला त्रास नाही, दाब नाही, कुरकुर नाही. पण प्लेट ओढायला कोणी आलं, की घट्ट धरून ठेवणारा!"

वर्ग हसतो. सर खूश होतात. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, मग सून?"

सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "सून म्हणजे ऑक्लुझल रेस्ट! क्लॅस्पच्या जोडीला दातावर टेकलेला एवढासा पाय असतो ना, तो. कोणाचं लक्ष जात नाही त्याच्याकडे. पण तो काढा, अख्खी प्लेट हिरडीत रुतते!"

वा! आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे राहून टाळ्या वाजवल्या. कोण्या पोट्ट्यानं हे मोबाईलवर रेकॉर्ड केलं, ग्रुपवर टाकलं आणि फिरत फिरत ते सरांच्याच घरी पोचलं. दुसऱ्या आठवड्यात सर दुपारी कॅन्टीनमध्ये एकटेच ब्रेड चावत बसलेले.

"सर, आज डबा नाही?"

"ऑक्लुझल रेस्ट माहेरी गेली आहे," सर म्हणाले. "तुमच्या वहिनींना सोबत घेऊन गेली."

*

समोरच्या दाताजवळ तार आली की ती हसताना दिसते. ती दिसू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. प्लास्टरच्या साच्यावर रेघा मारतो, तार मागून फिरवतो, खालून आणतो. कारण पेशंटची पहिली तक्रार तीच, "मॅडम, तार दिसते!"

पण एक मावशी आल्या. सदर भागातल्या. त्यांची प्लेट मी इतकी सुरेख केली होती की तार शोधून सापडू नये. मावशींनी आरसा घेतला, हसून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि चेहरा पडला.

"काय झालं मावशी?"

"तार कुठी गेली?"

"दिसत नाही ना? तेच तर कौशल्य आहे!"

"आग लागो तुमच्या कौशल्याले!" मावशी कडाडल्या. "माझ्या जावेची एवढी चमकते! मी दवाखान्यात जाऊन आली, हे तिले कळन कसं?"

आमच्याकडे शीलाताई आहेत. पेशंटला हाक मारणं, टॉवेल बांधणं, चूळ भरायला लावणं आणि मधूनमधून टोमणे मारणं ही सगळी कामं त्यांच्याकडे. त्या टॉवेल सोडता सोडता म्हणाल्या, "मंग त्या तारेवर एखादा खडाच बसवून देऊ का वं माय?"

मावशींनी आरसा खाली ठेवला. एकदम गंभीर.

"बसते का? लाल?"

*

दर परीक्षेच्या आधी आम्ही पोट्ट्यांना एक साचा देतो. कुठला दात गेला आहे ते बघा, कुठला क्लॅस्प कुठे घ्यायचा ते ठरवा आणि तार वाकवून दाखवा. एका हुशार पोट्टीनं साचा आणून टेबलावर ठेवला. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुस्तकात जेवढे प्रकार आहेत तेवढे सगळे एकाच जबड्यात! शिल्लक राहिलेला प्रत्येक दात तिनं बांधून टाकला होता. शेताला काटेरी कुंपण घालावं तसा तो जबडा दिसत होता.

"अगं, हे काय?"

"मॅडम, एक्झामिनर कोणता विचारतील सांगता येत नाही. म्हणून सगळेच केले."

"पण पेशंट हे घालणार कसं? आणि घातलं तर काढणार कसं?"

पोट्टीनं मान हलवली. "मॅडम, काढायचं उत्तर मी अजून वाचलं नाही. तो पुढचा चॅप्टर आहे."

*

आता गुलाबरावांची ओळख करून देते. पारशिवनीजवळच्या एका गावचे. पांढरा शर्ट, कपाळाला गंध आणि जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायची तयारी. त्यांना आम्ही प्लेट दिली, महिन्याभरानं तपासायला बोलावलं.

"खाता येतं ना नीट, काका?"

"हौ. मस्त खातो."

"कडक भाकर?"

"भाकर, मुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, सारं चालते."

मी प्लेट काढून पाहिली. नवीकोरी. चावल्याची एक खूण नाही. मला शंका आली. "काका, जेवताना प्लेट कुठे असते?"

"खिशात!" गुलाबराव म्हणाले. "जेवतानी घातली तं झिजणार नाही का मॅडम? जेवाले माया हिरड्या आहेत. हे दात ग्रामसभेत बोलाले ठेवले!"

त्यांना तो नियम सोडायला लावणं आम्हा कोणालाच जमलं नाही. जमलं ते आमच्या एका विद्यार्थ्याला, प्रज्वलला. त्यानं गुलाबरावांच्या शेजारी बसून, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "काका, बैल गोठ्यात बांधून नांगर कोणी स्वतः ओढते का?" गुलाबराव हसले, खिशातून प्लेट काढली, घातली आणि भाकर खाल्ली. तेव्हापासून ते प्रज्वलचे.

*

हा प्रज्वल म्हणजे आमच्या डिपार्टमेंटचा जीव की प्राण. गुलाबरावांच्याच भागातला. हात असा की तार त्याच्या बोटात आली की ऐकते. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण त्याच्याइतका सुबक क्लॅस्प वाकवणारा विद्यार्थी मी पाहिला नाही, हे मी सगळ्यांच्या तोंडावर सांगते. पेशंटशी बोलायला लागला की थांबत नाही. "बसा काका, भेऊ नका. काकू, पानी पिऊन घ्या." सगळं डिपार्टमेंट त्याच्या आवाजावर चालतं.

आणि एक्झामिनर समोर आला की खल्लास! तोंडाला कुलूप.

फायनलच्या पहिल्या परीक्षेत बाहेरच्या मॅडमनी त्याला धीर द्यावा म्हणून विचारलं, "काय नाव तुझं?" प्रज्वलनं घाम पुसला आणि उत्तर दिलं, "क्लास टू, मॉडिफिकेशन वन!" हा दात नसलेल्या जबड्याचा एक प्रकार आहे. मॅडमनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. दुसऱ्या वेळी त्यानं एवढीही चूक केली नाही. तो काही बोललाच नाही. दोन्ही वेळा तोंडी परीक्षेतच नापास.

घरी काय परिस्थिती, ते त्यानं मला एकदा जिन्यात सांगितलं. वडिलांनी पारशिवनीच्या मेन रोडवर त्याच्या दवाखान्यासाठी खोली बघून ठेवलेली. आईनं पाटीसुद्धा रंगवून घेतलेली, "डॉ." सकट. आणि वडील म्हणाले होते, "ह्या बारीनं झालं तं झालं. नाही तं मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बस. तुले तारा वाकवाचाच शौक आहे ना? थ्या तिथंबी आहेत!"

तो हसत हसत सांगत होता आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते. हे हात खिळे मोजायला जाणार? मग मी आणि बक्षी सरांनी ठरवलं, ह्या पोट्ट्याला बोलतं करायचंच.

*

रोज सुट्टीनंतर तालीम. बक्षी सर एक्झामिनर झाले. टाय लावून आले. प्रज्वल गप्प. मी झाले. प्रज्वल गप्प, वरून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरतो. शेवटी सर वैतागले, "शीलाताई, तुम्ही बसा!"

शीलाताईंनी माझा चष्मा घातला, सरांचा पेन घेतला, खुर्चीत मागे रेलल्या. "हं. सांग बरं, हा कोन्ता क्लॅस्प?"

आणि प्रज्वल सुटला! कोणता क्लॅस्प, काहून घेतला, कोणत्या दाताला चालत नाही, दुसरा घेतला असता तर काय बिघडलं असतं. आम्ही दोघं बघतच राहिलो. मध्ये एकदा शीलाताईंनी "ते कशावरून?" असं विचारलं, त्याचंही उत्तर दिलं!

शीलाताईंनी चष्मा काढून माझ्या हातात ठेवला.

"सर, विद्यापीठाले फोन लावा. म्हना, बाहेरून कोनाले नका पाठवू, शीला रिकामीच आहे!"

*

आता आमच्या परीक्षेची एक गंमत तुम्हाला माहीत नसेल. इथे विद्यार्थी नुसता येत नाही, त्याला पेशंट आणावा लागतो. नेमके हवे ते दात गेलेला, दिवसभर बसायची तयारी असलेला पेशंट! असा माणूस म्हणजे लाखात एक. पोट्टे त्याला आधी आठवडाभर जपतात. खोलीवर झोपवतात, सिनेमा दाखवतात, कूलर त्याच्याकडे वळवतात. आणि एकमेकांचे पेशंट पळवतात!

गुलाबराव प्रज्वलच्या खोलीवर मुक्कामाला आलेले. आदल्या दिवशी प्रज्वल भाजी आणायला गेला, तेवढ्यात दुसऱ्या पोट्ट्यांची जोडी संत्रा बर्फीचा डबा घेऊन हजर. "काका, आमच्या खोलीवर चला ना. एसी आहे."

गुलाबराव उठून बसले. "लाज नाही वाटत गा? मी का बाजारातला बैल आहो? माया दातावर फक्त प्रज्वलचा हक्क आहे! निघा!"

पोट्टे मान खाली घालून निघाले.

"ए," मागून हाक आली, "डबा ठेवून जा."

*

आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

बाहेरचे एक्झामिनर आले. उंच, इस्त्रीचा कडक शर्ट, बोलताना तोंडासमोर मूठ धरायची सवय. आम्हाला वाटलं, काय ऐट आहे! सकाळी त्यांच्यासाठी तर्री-पोहे मागवले होते. साहेबांनी तर्रीतले चणे चमच्यानं एकेक करून बाजूला काढले आणि नुसते पोहे गिळले. शीलाताई माझ्या कानाशी आल्या.

"मॅडम, जो मानूस चणे सोडून पोहे खाते, तो कोनाले पास करन का?"

प्रज्वलचा नंबर आला. खुर्चीत गुलाबराव, गळ्याला टॉवेल. साहेबांनी त्यांच्या तोंडातली, प्रज्वलनं केलेली प्लेट हलवून पाहिली. हलली नाही. पुन्हा हलवली. नाही. "हं," साहेब म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग ते प्रज्वलकडे वळले.

"हा कोणता क्लॅस्प?"

प्रज्वल बुटांकडे बघायला लागला.

"बरं, ह्या तारेचं टोक दातावर कुठे बसतं?"

प्रज्वल बुटाच्या टोकानं फरशी उकरायला लागला.

"मागची भुजा कशासाठी असते?"

प्रज्वलचे कान लाल झाले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला तर वाटलं आपणच ओरडून उत्तर सांगावं. बक्षी सर डोळे मिटून उभे. देवाचं नाव घेत असावेत.

गुलाबरावांना राहवलं नाही. "साहेब, त्याले येते सारं. थोडा टाइम द्या ना."

"तुम्ही पेशंट आहात. तोंड बंद ठेवा!"

"आता बंद ठेवू? सकाळपासून सारे उघडा म्हणून राहिले!"

साहेब भडकले. तोंडासमोरची मूठ खाली आली, बोट दाराकडे गेलं. "तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला मुलगा! आणि ह्याला एक साधा क्ल—"

पुढचा शब्द आलाच नाही. त्याऐवजी साहेबांच्या तोंडातून समोरच्या दातांची एक प्लेट बाहेर आली, हवेत गेली आणि गुलाबरावांच्या छातीवरच्या टॉवेलवर पडली.

सगळं डिपार्टमेंट गार. बक्षी सर छताच्या पंख्याकडे बघायला लागले. गुलाबरावांनी ती प्लेट दोन बोटांनी उचलली, नीट पाहिली, जिभेनं स्वतःचे दात चाचपले.

"मॅडम," ते म्हणाले, "हे माझं नाही. माझं तोंडात आहे."

साहेब दोन्ही हात तोंडावर धरून उभे. काय बोलणार? समोरचे दात तोंडात नसताना माणूस भांडूही शकत नाही. तेवढ्यात प्रज्वल पुढे आला. ग्लोव्हज घातलेलेच होते. त्यानं प्लेट घेतली, नळाखाली धुतली, उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. कपाळाला आठी पडली. मग खुर्चीकडे हात केला.

"बसा काका."

गुलाबराव कधीच उठले होते. खुर्ची झटकून म्हणाले, "बसा बसा साहेब. चांगला हात आहे पोट्ट्याचा."

आणि साहेब बसले! शीलाताईंनी सवयीनं टॉवेलही बांधला.

"भेऊ नका काका. कधीपासून ढिली आहे? चणे-फुटाणे खाता येत नसतीन." साहेबांनी मान हलवली. "येणारच नाही! हे पाहा. हा आहे सी क्लॅस्प, गुलाबराव काकाले आहे तसाच. याचं टोक दाताच्या पोटाखाली, हिरडीच्या बाजूनं खोलगट असते ना, तिथं बसाले पाहिजे. तिथंच थे धरते. तुमचं तं वरतं येऊन लटकून राहिलं. आणि हा मागचा हात, हा धराले नाही, टेका द्याले आहे. समोरून तार ओढते तवा यानं मागून दात सावराचा. नाही तं हळूहळू दात सरकते काका! हा तं पार चेपून टाकला."

मी बक्षी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. विचारलेल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं झाली होती आणि पोट्टा अजून थांबायला तयार नव्हता. कोणत्या जाडीची तार हवी होती, वाकवताना कुठे धरायची, एकाच जागी वारंवार वाकवली तर काहून तुटते, सगळं सांगून झालं. मग त्यानं प्लेट डोळ्यांजवळ नेली. तारेवर ओरखडे होते.

"घरच्या पकडीनं वाकवली ना हे? कोण्या गाढवानं वाकवली?"

मी मनात म्हटलं, गेलं! हार्डवेअरचं दुकान!

साहेबांनी टॉवेलनं तोंड पुसलं. खूप हळू, बोबडं उत्तर आलं.

"मी."

"असू द्या," प्रज्वल म्हणाला, "होते असं. आता पुन्हा हात नका लावू. तोंड उघडा."

साहेबांनी तोंड उघडलं.

त्यानं बारीक पक्कड घेतली, टोक जरासं आत घेतलं, मागचा हात मोकळा केला. घालून पाहिलं, काढलं, पुन्हा जरासं. मग नीट बसवली. "दाबा. हं. आता बोला काही."

"क्लॅस्प," साहेब म्हणाले. प्लेट जागची हलली नाही. "क्लॅस्प!" ह्या वेळी जोरात. "क्लॅस्प! क्लॅस्प!" आणि तो उंच, कडक माणूस चक्क हसायला लागला. शीलाताई सकाळची बशी घेऊन धावत आल्या. साहेबांनी बाजूला काढलेले चणे एकेक करून खाल्ले, सगळ्यांसमोर, चावून चावून. गुलाबरावांनी टाळी वाजवली.

साहेब उठले. शर्ट सारखा केला, मार्कांचा कागद उचलला, पेनाचं टोपण काढलं. त्यांनी प्रज्वलकडे पाहिलं आणि तोंडासमोर मूठ न धरता विचारलं,

"डॉक्टर, मी पुन्हा दाखवायला कधी येऊ?"

प्रज्वल पक्कड पुसत होता. वर न बघता म्हणाला,

"रिझल्ट लागला की येजा, काका!"